विश्लेषण : अंगणात दिवा लावायचा, तर परवानगी कोणाची?

गेटवर दिवा, गच्चीवर फोकस, झाडांवर माळा. आपल्याकडे वायरमनला फोन केला की हे काम संध्याकाळपर्यंत होऊन जाते. त्यासाठी कोणाची परवानगी लागते का, असे सहसा कोणी विचारत नाही. जगात मात्र अनेक ठिकाणी घराबाहेरच्या दिव्यासाठी वीज निरीक्षकाची, स्थानिक पालिकेची, तर कधी वारसा वास्तू पाहणाऱ्या खात्याची मंजुरी घ्यावी लागते. काही किनाऱ्यांवर तर दिव्याचा रंगही नियमाने ठरतो. परदेशात स्वतःचे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हे नियम बहुतेक वेळा पहिल्याच दिवाळीत समजतात. आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. ते वाचण्याची वेळ सहसा अपघात झाल्यावर येते.

परवानगी नेमकी कशाची?

दुकानातून दिवा विकत घेण्यासाठी कुठेच परवाना लागत नाही. प्रश्न येतो तो दिवा बसवताना. पहिला प्रश्न वायरचा: घरातील विजेचा प्रवाह पाऊस, माती आणि ओल्या गवतात नेला जातो, म्हणून वीज सुरक्षेचे नियम लागू होतात. दुसरा भिंतीचा: घर ऐतिहासिक असेल किंवा इमारत सामायिक मालकीची असेल, तर बाहेरच्या भिंतीला भोक पाडणे हा एकट्या मालकाचा निर्णय राहत नाही. तिसरा प्रश्न प्रकाशाचा. दिवा आपल्या हद्दीत असला तरी उजेड कुंपणापाशी थांबत नाही. वायरचे नियम जवळपास सगळ्या देशांत आहेत, प्रकाशाचे नियम मोजक्याच देशांनी केले आहेत, आणि मोठे वाद तिथेच झाले आहेत.

१२ व्होल्टचा दिवा चालतो, २३० व्होल्टचा का नाही?

ऑस्ट्रेलियात घरमालकाने स्वतः स्विचबोर्ड उघडून बाहेरच्या दिव्याची वायर ओढणे बेकायदा आहे. पक्क्या वायरिंगचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचे. मात्र ५० व्होल्टपेक्षा कमी एसी किंवा १२० व्होल्टपेक्षा कमी डीसी दाबाच्या दिव्यांना ही अट नाही. म्हणून तिथे बागेसाठी १२ व्होल्टचे तयार संच मिळतात. ट्रान्सफॉर्मर सॉकेटमध्ये लावायचा आणि दिवे मातीत रोवायचे. हे काम कोणीही करू शकतो. कुदळीचा घाव बसून वायर तुटली तरी १२ व्होल्टवर माणसाला जिवघेणा शॉक बसण्याचा धोका फारच कमी. २३० व्होल्टची वायर ओल्या मातीत उघडी पडली, तर अनवाणी चालणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. या नियमामागचे कारण एवढे साधे आहे.

शेजारचा न्यूझीलंड थोडा सैल आहे. तिथे मालक स्वतःच्या घरातील काही वायरिंग करू शकतो, पण वीज जोडण्यापूर्वी ते निरीक्षकाकडून तपासून घ्यावे लागते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताचीही रीत साधारण अशीच. घरमालक स्वतः काम करणार असेल तरी वीज सुरक्षा प्राधिकरणाला त्याची सूचना द्यावी लागते. पैसे देऊन काम करून घ्यायचे असेल, तर ठेकेदार परवानाधारकच हवा. जपान याबाबतीत कडक आहे. तिथे १९६० च्या कायद्यानुसार वायरिंगसाठी पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेलाच माणूस लागतो, मग घर स्वतःचे का असेना. सिंगापूरमध्येही वायरिंग परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागते.

अमेरिकेत नियम कोण ठरवते?

अमेरिकेत यासाठी देशभर एकच परवाना नाही. राष्ट्रीय विद्युत संहिता नावाचा नियमसंच आहे, पण तो लागू करायचा की नाही आणि कोणत्या वर्षाची आवृत्ती वापरायची, हे राज्ये आणि शहरे ठरवतात. म्हणून एका गावात चाललेले काम शेजारच्या काउंटीत अडू शकते. ढोबळ चित्र असे: जुना दिवा काढून त्याच जागी नवा बसवायला बऱ्याच ठिकाणी परवाना लागत नाही. नवी वायर टाकायची, नवे सर्किट काढायचे किंवा जमिनीखालून केबल न्यायची, तर शहराच्या इमारत विभागाकडून विद्युत परवाना घ्यावा लागतो. सॉकेटला लावायचे १२ व्होल्टचे बागेतील दिवे अनेक शहरांनी यातून वगळले आहेत.

केबल किती खोल पुरायची, याचे आकडे संहितेत दिलेले आहेत. थेट मातीत टाकायची केबल २४ इंच खोल हवी. घरगुती १२० व्होल्टच्या सर्किटला गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे जीएफसीआय हे उपकरण लावले असेल, तर १२ इंच खोली चालते. बागेतील कमी दाबाच्या दिव्यांसाठी ६ इंच पुरतात. परवाना घेऊन काम केले की निरीक्षक चर बुजवण्यापूर्वी येऊन खोली पाहतो. चर आधीच बुजवला, तर तो पुन्हा उकरायला लावला जाऊ शकतो.

खणण्याआधी आणखी एक काम असते. ८११ या क्रमांकावर काही दिवस आधी फोन करायचा. मग गॅस, वीज, पाणी आणि टेलिफोन कंपन्यांची माणसे येऊन आपापल्या वाहिन्या जमिनीखाली कुठून गेल्या आहेत, ते रंगाने आखून देतात. ही सेवा घरमालकाला फुकट मिळते. रस्ता खोदताना दर पावसाळ्यापूर्वी केबल तुटणाऱ्या आपल्या शहरांनी उचलावी अशी ही पद्धत आहे.

शहराची परवानगी मिळाली तरी काम संपत नाही. अमेरिकेतील अनेक वसाहतींमध्ये घरमालकांची संघटना असते आणि तिचे नियम घर घेतानाच मान्य करावे लागतात. दिव्याचा आकार, रंग, सणाच्या माळा कधी उतरवायच्या, इथपर्यंत ही संघटना बोलू शकते. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सचिवांची आठवण यावी असाच हा कारभार.

मग आकाशकंदिलाचे काय?

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात दाराबाहेर आकाशकंदील लावणाऱ्यांसाठी राष्ट्रीय विद्युत संहितेत उपयोगी तरतूद आहे. सणासुदीची सजावटीची रोषणाई ‘तात्पुरती’ मानली जाते आणि तिला ९० दिवसांपर्यंत मुभा आहे. तरतूद प्रामुख्याने नाताळ डोळ्यांसमोर ठेवून केलेली असली, तरी ती कोणत्याही एका सणाचे नाव घेत नाही. त्यामुळे वसुबारसेला लावलेला कंदील तुळशीच्या लग्नानंतरही काही आठवडे निर्धास्त राहू शकतो. मात्र माळा बाहेर वापरण्यायोग्य म्हणून प्रमाणित हव्यात. घरातल्या माळा खिडकीतून बाहेर सोडून वर्षभर तशाच ठेवल्या, तर ते तात्पुरते काम राहत नाही.

इंग्लंडमध्ये शेजाऱ्याच्या तक्रारीला किती वजन?

इंग्लंडमध्ये घराबाहेर साधा दिवा लावण्यासाठी सहसा नियोजन परवानगी लागत नाही. घर संरक्षित वास्तूंच्या यादीत असेल, तर मात्र गोष्ट बदलते. वास्तूच्या रूपात फरक पडेल असे दिवे बसवायचे असतील, तर वेगळी संमती घ्यावी लागते आणि संमतीशिवाय असे काम करणे हा फौजदारी गुन्हा आहे. दोनशे वर्षांच्या दगडी भिंतीत चार भोके पाडली म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागणे आपल्याला जड वाटेल. पण तिथली जुनी गावे जशी दिसतात, त्यामागे हाच कडकपणा आहे.

वायरिंगसाठी इमारत नियमावलीचा ‘पार्ट पी’ हा भाग २००५ पासून लागू आहे. २०१३ मध्ये इंग्लंडने तो बराच सैल केला. आता नवे सर्किट काढले तर पालिकेला कळवावे लागते. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन असेल, तर तो स्वतःच तसे प्रमाणपत्र देतो. वेल्सने जुने कडक नियम कायम ठेवले. त्यामुळे नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे नियम वेगळे, असा प्रकार तिथेही आहे.

खरा बदल झाला तो प्रकाशाबाबत. २००५ च्या कायद्याने घर-परिसरातून येणारा त्रासदायक कृत्रिम प्रकाश हा आवाज, धूर आणि दुर्गंधीच्या रांगेत आणून बसवला. २००६ पासून ही तरतूद लागू झाली. शेजाऱ्याचा फोकस रात्रभर शयनगृहात येत असेल, तर पालिकेकडे तक्रार करता येते. पालिकेला चौकशी करावीच लागते आणि त्रास खरा असल्याचे आढळले, तर ती दिवा वळवण्याची, झाकण्याची किंवा बंद करण्याची नोटीस देते. ती न पाळल्यास दंड होतो. विमानतळ, रेल्वे, तुरुंग, दीपगृहे अशी ठिकाणे यातून वगळली आहेत. विशेष म्हणजे, किती लक्सच्या वर प्रकाश गेला की तो त्रास ठरतो, असा आकडा कायद्यात नाही. अधिकारी प्रत्यक्ष येऊन पाहतो आणि सर्वसाधारण माणसाला त्याचा त्रास होईल का, हे ठरवतो.

स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात सजावटीच्या माळा कशा पोहोचल्या?

आरगाऊ प्रांतातील म्योलिन या गावात एका कुटुंबाने घराला आणि बागेला सजावटीचे दिवे लावले होते. नाताळात त्यांची संख्या वाढायची, पण काही रोषणाई वर्षभर चालू असायची. शेजाऱ्यांना ते असह्य झाले. वाद गावातून प्रांतात आणि तिथून देशाच्या संघीय न्यायालयात गेला. न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये निकाल दिला: शोभेची रोषणाई रात्री १० वाजता बंद करायची. नाताळपूर्वीच्या आगमन काळातील पहिल्या रविवारपासून ६ जानेवारीपर्यंत मात्र नाताळची रोषणाई रात्री १ वाजेपर्यंत चालू ठेवता येईल.

या निकालाचे महत्त्व त्यामागच्या युक्तिवादात आहे. प्रकाशामुळे शेजाऱ्यांच्या प्रकृतीला अपाय झाला, असे सिद्ध व्हावे लागले नाही. स्विस पर्यावरण कायद्यात खबरदारीचे तत्त्व आहे: त्रास टाळणे सहज शक्य असेल आणि त्यासाठी फार खर्च येत नसेल, तर तो टाळायलाच हवा. दिवे शोभेचे होते, सुरक्षेसाठी त्यांचा काही उपयोग नव्हता, आणि बटण बंद करायला खर्च येत नाही. दुसरीकडे सणाचा आनंदही न्यायालयाने मोडीत काढला नाही. त्याला तारखा आणि वेळ घालून दिली. गणेशोत्सवातील ध्वनिक्षेपकांच्या वेळांवरून दरवर्षी होणारी आपल्याकडची चर्चा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही तडजोड ओळखीची वाटेल.

कासवांसाठी दिव्याचा रंग का बदलावा लागतो?

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे वाळूत अंडी घालतात. पिल्ले बहुधा रात्री बाहेर पडतात आणि सर्वांत उजळ क्षितिजाकडे चालू लागतात. लाखो वर्षे ती दिशा समुद्राची होती. आता घरांचे दिवे समुद्रापेक्षा उजळ असतात. पिल्ले उलटी फिरतात, रस्त्यावर गाड्यांखाली येतात किंवा सकाळच्या उन्हात सुकून मरतात.

म्हणून तेथील अनेक शहरांनी आणि काउंटींनी किनाऱ्यालगतच्या घरांच्या दिव्यांवर नियम केले. राज्याच्या किनाऱ्यानुसार १ मार्च किंवा १ मेपासून ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या हंगामात किनाऱ्यावरून थेट दिसणारा दिवा चालत नाही. दिवा कमी उंचीवर हवा, वरून व बाजूंनी झाकलेला हवा आणि त्याचा रंग अंबर किंवा लाल हवा. तांत्रिक भाषेत प्रकाशाची तरंगलांबी ५६० नॅनोमीटर किंवा त्याहून जास्त असावी लागते, कारण या रंगांकडे पिल्ले कमी ओढली जातात. राज्याचा वन्यजीव आयोग अशा दिव्यांना प्रमाणपत्रही देतो.

कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण होत आहे आणि आता ते काम इतर गावांतही पोहोचले आहे. तिथे अंडी कुंपणात ठेवून पिल्ले माणसांच्या देखरेखीखाली समुद्रात सोडली जातात, त्यामुळे दिव्यांचा धोका काहीसा टळतो. पण सगळीच घरटी माणसाच्या नजरेस पडत नाहीत. किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या समुद्राकडे तोंड केलेल्या पांढऱ्या फोकसचा विचार म्हणूनच करायला हवा.

आकाशासाठीही असे नियम आहेत. अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ शहराने वेधशाळेला त्रास होऊ नये म्हणून १९५८ मध्येच जाहिरातीच्या झोतदिव्यांवर बंदी घातली. आज तिथे एका एकरात घराबाहेरचा एकूण किती प्रकाश चालेल, याला मर्यादा आहे. स्पेनच्या ला पाल्मा बेटावर १९८८ पासून आकाशाचे संरक्षण करणारा कायदा लागू आहे. डोंगरमाथ्यावरच्या दुर्बिणींसाठी गावांचा प्रकाश मंद आणि पिवळसर ठेवला जातो.

महाराष्ट्रात परवानगी लागते का?

वायरच्या बाबतीत, हो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार वीज मांडणीत भर घालणे, बदल करणे किंवा दुरुस्ती करणे हे काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून आणि पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हायला हवे. २०१० चे हे नियम २०२३ मध्ये नव्याने आले, पण ही अट कायम आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी कामे त्यातून वगळली आहेत. म्हणजे गेटवरचा बल्ब बदलणे हे तुमचे काम. गेटपर्यंत नवी वायर नेणे हे परवानाधारकाचे. शेजारच्या चौकातल्या ‘सगळे जमते’ म्हणणाऱ्या वायरमनकडे हा परवाना आहे का, हे विचारणारे ग्राहक थोडेच.

दुसरा मुद्दा वीज कोणत्या जोडणीवरून घेतली याचा. शेतघराच्या अंगणातील दिवे कृषिपंपाच्या जोडणीवर लावणे गावोगावी दिसते. जोडणी ज्या कारणासाठी किंवा ज्या जागेसाठी दिली, त्याशिवाय अन्यत्र वीज वापरणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. थेट खांबावर आकडा टाकणे तर कलम १३५ खाली वीजचोरी. मंडपाची, लग्नाची किंवा उत्सवाची मोठी रोषणाई असेल, तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते. मुंबईत जी कंपनी वीज पुरवते तिच्याकडे अर्ज करावा लागतो, तर गोव्यात तो राज्याच्या वीज खात्याकडे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी बाहेरची भिंत, गच्ची आणि जिना या सामायिक जागा आहेत. बाल्कनीच्या आत दिवा लावायला कोणी अडवत नाही, पण बाहेरच्या भिंतीवर फोकस बसवायचा तर सोसायटीची लेखी परवानगी घेतलेली बरी. इमारत वारसा यादीत असेल, तर पालिकेकडे जाणे टळत नाही.

पावसाळ्यात सर्वांत महत्त्वाचे काय?

कागद झाले तरी पाऊस कागद पाहत नाही. बाहेरच्या दिव्यावर आयपी हा शब्द आणि दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीपासून, दुसरा पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगतो. छताखाली आयपी ४४ चालतो, उघड्यावर आयपी ६५ घ्यावा आणि कारंज्यात किंवा पाण्याखाली लावायचा दिवा आयपी ६८ चाच हवा. बाहेरच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावलेला असावा. एमसीबी पुरेसा नाही. वायर तापू नये म्हणून एमसीबी असतो; माणसाच्या अंगातून जाणारा अल्प प्रवाह त्याला कळत नाही. लोखंडी गेट, पत्र्याची शेड आणि दिव्याचा धातूचा खांब यांना अर्थिंग हवे. खिळ्याला गुंडाळलेली वायर आणि टेप लावलेला जोड जूनच्या पहिल्या सरीपर्यंत निभावतात, त्यानंतर त्या गेटला हात लावणाऱ्याचे नशीब.

आणि शेजाऱ्याचा फोकस डोळ्यांवर येत असेल तर?

इथे आपला कायदा तोकडा पडतो. ध्वनिप्रदूषणासाठी २००० सालचे नियम आहेत, त्यात डेसिबलचे आकडे आहेत, रात्री १० ची वेळ आहे. प्रकाशासाठी देशभर लागू असलेला तसा वेगळा नियम नाही. मरीन ड्राइव्ह परिसरातील मैदानावरच्या प्रखर दिव्यांबाबतची तक्रार २०१८ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत गेली होती. झाडांना गुंडाळलेल्या विजेच्या माळांचा प्रश्न २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आला. त्याच वर्षी जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील दिव्यांची तोंडे खाली वळवण्यात आली. लडाखमधील हानले येथेही रात्रीच्या आकाशासाठी राखीव क्षेत्र आहे.

घराशेजारच्या फोकससाठी सध्या तीन वाटा आहेत. आधी सोसायटीकडे किंवा थेट शेजाऱ्याकडे बोलणे. दिव्याचे तोंड खाली वळवून त्याला सेन्सर लावला, तर चोरापासूनचे संरक्षण कमी होत नाही आणि बिलही उतरते. त्याने भागले नाही आणि त्रास अनेकांना होत असेल, तर सार्वजनिक उपद्रव म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्रास एकट्यालाच असेल, तर दिवाणी न्यायालय. अर्ज करताना रात्रीचे, वेळ दिसेल असे फोटो खिडकीच्या आतून काढून जोडावेत आणि आधी शेजाऱ्याला दिलेल्या पत्राची प्रतही.